नकाशा, होकायंत्र आणि छऱ्याची बंदूक: तिघांच्या संघाने शर्यतीत कसं उतरावं

हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन माळ, ओढे, टेकड्या ओलांडत एकेक कंट्रोल (नकाशावर खूण केलेली, झेंडा लावलेली ठरावीक जागा) शोधायचा, मध्ये एक-दोन ठिकाणी थांबून नेमबाजी करायची, आणि तिघांनी मिळून शेवटची रेषा गाठायची, असं या शर्यतीचं स्वरूप असतं. नवख्यांसाठी ६ ते १० किलोमीटर अंतर, पाच-सहा कंट्रोल आणि नेमबाजीची दोन ठाणी पुरेशी होतात. वेळ संघाची मोजतात. तिसरा गडी रेषेवर पोचेपर्यंत घड्याळ थांबत नाही.

अमेरिकेत अशा शर्यतींत दोघादोघांचे संघ रायफली पाठीवर घेऊन दिवसरात्र चालतात. आपल्याकडे कायद्यात ते बसत नाही, आणि बसवायचीही गरज नाही. इथली सोपी पद्धत अशी, की बंदुका ठाण्यावरच राहतात. तुम्ही मोकळ्या हातांनी पळत येता, पंच सांगेल ती बंदूक उचलता, नेम धरता, बंदूक तिथेच ठेवून पुढे निघता. बंदूक छऱ्याची, ४.५ मिलिमीटर नळीची. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे या मापाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. याचा अर्थ ती खांद्यावर टाकून बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजारातून फिरावं असा नव्हे. सरावाला नेताना ती पिशवीत बंद, छरा काढलेली, आणि खरेदीचं बिल व ओळखपत्र सोबत असायला हवं.

आधी सेकंदांचा हिशोब मांडा

बहुतेक नवखे संघ दोनच गोष्टींचा सराव करतात: पळायचा आणि नेमाचा. वेळ मात्र तिसरीकडेच जाते. नियमपत्रक हातात आलं की कागदावर मांडणी करा. समजा, चुकलेल्या प्रत्येक नेमाला ३० सेकंद दंड आहे आणि दोन ठाण्यांवर तिघांनी पाच-पाच छरे मारायचे आहेत. म्हणजे एकूण ३० छरे. दहापैकी सात लागत असतील तर नऊ चुकतात, दंड साडेचार मिनिटं. मेहनत करून दहापैकी आठवर आलात तर दंड तीन मिनिटं. एवढ्या घामाचं फळ दीड मिनिट. उलट एका फाट्यावर चुकीच्या ओढ्यात उतरलात, तर चूक लक्षात येणं, वाद घालणं आणि परत चढणं यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे, की पहिल्या शर्यतीच्या तयारीतला निम्म्याहून जास्त वेळ नकाशाला द्या. नेमबाजीला त्याच्या निम्मा. पळणं रोजच्या रोज होतच असतं. शिवाय संघाची गती म्हणजे तिघांतल्या सर्वांत सावकाश गड्याची गती, हे पहिल्याच दिवशी मान्य करून टाका. त्याला पुढे ठेवा आणि त्याच्या मागून पळा. मागे राहिलेल्याला हाका मारत राहणाऱ्या संघाचा दम आणि मन दोन्ही खचतं.

नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे सरावाला उत्तम. विभागाच्या संकेतस्थळावर ओपन सिरीज नकाशे मिळतात. जुन्या क्रमांकांत बेळगाव आणि खानापूर ४८ आय या चौकोनात येतात. १६ अंश अक्षांशाच्या वर, निपाणीकडे गेलात की ४७ एल लागतो. या प्रमाणात नकाशावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक २० मीटर. ही २० मीटरची गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पंधरा मीटरचं टेकाड समोर ठसठशीत दिसेल, पण नकाशावर त्याचा पत्ताच नसेल. शर्यतीचा नकाशा बहुधा १:१०,००० किंवा १:१५,००० असतो आणि त्यात ५ मीटरची रेषा असते. सराव एका प्रमाणावर आणि शर्यत दुसऱ्या प्रमाणावर झाली, की पहिल्या कंट्रोललाच अंतराचा अंदाज फसतो. सुरुवातीच्या रेषेवर उभं असताना तिघांनी प्रमाण मोठ्याने वाचायचं.

जुन्या नकाशावर काय भरवशाचं आणि काय नाही, हेही ठरलेलं आहे. डोंगर, ओढे, खिंडी बदलत नाहीत. पायवाटा, झोपड्या, विहिरी, झाडीची हद्द बदलते. आपल्या पट्ट्यात तर नवे ले-आउट आणि रुंद झालेले रस्ते यांनी जुना नकाशा पार बदलून टाकलाय. ऊस हा आणखी वेगळा विषय. नकाशावर मोकळी जमीन दिसते, प्रत्यक्षात दहा फूट ऊस उभा असतो आणि पलीकडचं काही दिसत नाही. उसात, भातात शिरायचं नाही, बांधावरूनच जायचं. एक तर ते कुणाचं तरी पीक आहे, आणि दुसरं म्हणजे बांधावरून वळसा घेऊनही तुम्ही लवकर पोचता.

जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर अडचण उलटी. मैलभर सपाटी, रेषा जवळजवळ नाहीतच, सगळीकडे सारखंच दिसतं. तिथे सड्याची कड हीच खरी खूण. कड गाठायची आणि तिच्या काठाने जायचं. कडेवरून खाली उतरायला मात्र नकाशात दाखवलेली वाट किंवा घळच वापरा. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर तिथे उभा कडा आहे.

चढ की वळसा, हा प्रश्न दर टप्प्याला येतो. त्याला एक ढोबळ माप आहे: १० मीटर चढ म्हणजे ८० ते १०० मीटर सपाट पळण्याइतका वेळ. २० मीटरच्या तीन रेषा चढायच्या असतील तर अर्धा किलोमीटरभर वळसा परवडतो.

होकायंत्र आणि पावलं

पारदर्शक पट्टीचं होकायंत्र घ्या. एनसीसीत शिकलेल्यांना प्रिझमॅटिक होकायंत्राची सवय असते. ते अचूक आहे, पण पळताना जड पडतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात फार तर एक-दीड अंश आहे, तो सोडून दिला तरी चालतो. एक अंश चुकला तर किलोमीटरमागे साधारण १७ मीटरच फरक पडतो. माणसाच्या हाताची चूक मात्र तीन-चार अंशांची असते. विजेच्या मोठ्या तारांपासून ५०-६० मीटर दूर होऊन दिशा घ्या, आणि खिशातला मोबाइल, ठाण्यावरची बंदूक यांच्याजवळ सुई बघू नका.

पावलं मोजायची रीत: डावा पाय पडला की एक. बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानासारख्या मोकळ्या जागी १०० मीटर दोरीने मोजून घ्या आणि चालत, पळत, चढावर अशी तीन वेगवेगळी मापं काढा. चालताना बहुतेकांचं ६० ते ६५ येतं, हलकं पळताना ४० च्या आसपास. चढावर आकडा वाढतो, नांगरलेल्या रानात आणखी वाढतो. प्रत्येकाने आपले तीन आकडे नकाशाच्या पिशवीवर मार्करने लिहावेत. मोजताना दर १०० मीटरला एक खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाका. धापा टाकत असताना डोक्यातला आकडा टिकत नाही.

सुरुवातीच्या सरावाला राजहंसगडासारखी जागा उत्तम. वर उभं राहून आधी नकाशा जमिनीशी जुळवायचा, म्हणजे नकाशाची उत्तर सुईच्या उत्तरेवर आणायची. मग दिसणाऱ्या दोन पक्क्या खुणांची दिशा घ्यायची, प्रत्येकीची उलट दिशा काढायची आणि नकाशावर त्या खुणांपासून रेषा ओढायच्या. उलट दिशेसाठी १८० मिळवा किंवा वजा करा: ३१२ अंश आलं असेल तर १३२, आणि ७० आलं असेल तर २५०. दोन रेषा छेदतात तिथे तुम्ही उभे आहात. छेद गडावरच आला तर रीत बसली. नाही आला तर दोनांपैकी एक खूण चुकीची ओळखलीत.

एक टप्पा, जवळून

कामं आधी वाटून घ्या. एक नकाशावाला, दुसरा पावलं मोजणारा, तिसरा घड्याळ आणि पडताळणी बघणारा. तिसऱ्याकडेही नकाशा असतो, पण तो गप्प असतो. काही जुळेनासं झालं तरच बोलतो.

समजा, माळावरच्या देवळाजवळ उभे आहात आणि पुढचा कंट्रोल ६०० मीटरवर, ओढ्याला दुसरा ओढा मिळतो तिथे आहे. नवखा संघ थेट त्या संगमाची दिशा धरतो. तीन-चार अंशांच्या चुकीने तो ओढ्यावर ३० ते ४० मीटर इकडेतिकडे पोचतो, आणि संगम डावीकडे आहे की उजवीकडे हेच कळत नाही. अनुभवी संघ मुद्दाम ६ अंश डावीकडची दिशा धरतो, म्हणजे साधारण ६० मीटर डावीकडे. ओढा लागला की खात्रीने उजवीकडे वळायचं. ओढा ही तुम्हाला अडवणारी रेषा आहे, ती ओलांडून पुढे जाणं शक्यच नाही, त्यामुळे पहिले ४०० मीटर बिनधास्त पळता येतं. शेवटच्या २०० मीटरला गती कमी करायची.

हे चालू असताना नकाशावाल्याने पुढच्या तीन गोष्टी क्रमाने बोलत राहायचं: "आता उतार लागणार. मग उजवीकडं दगडी गडगा. त्याच्यापुढं ओढा." मोजणारा सांगतो, "तीनशे झाले." गडगा दिसला की तिसरा म्हणतो, "गडगा आला." एवढंच. सांगितलेली गोष्ट सांगितलेल्या अंतराला आली नाही तर तिथेच थांबायचं. "पुढं येईल बघ" म्हणत आणखी १०० मीटर जाणं, ही या खेळातली सगळ्यांत महागडी सवय आहे. थांबून ३० सेकंद बघा. दोघांचं जुळलं नाही, तर वाद न घालता शेवटच्या पक्क्या खुणेवर परत जा.

कंट्रोलवर पांढरा-नारिंगी, ३० सेंटिमीटरचा तिकोनी झेंडा टांगलेला असतो. झेंड्यावरचा क्रमांक आपल्या कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून मगच तिथल्या चिमट्याने कागदाला नोंदीचं छिद्र पाडा. शेजारच्या गटाचा कंट्रोलही जवळपास असतो आणि पळत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या संघाच्या मागे पळू नका, त्यांची कंट्रोलची रांग वेगळी असू शकते.

नेमबाजीचं ठाणं

ठाण्याआधीचे १५० मीटर चालत या. यात संघाचे वीस-पंचवीस सेकंद जातात. पण १५ छऱ्यांमध्ये दोन जरी जास्त लागले तरी एक मिनिट वाचतं. धापा टाकत बंदूक उचललेल्या माणसाची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) श्वासाबरोबर वरखाली होत असते. त्याचे छरे उभ्या रेषेत पसरलेले दिसले तर कारण श्वासच समजा. आडव्या रेषेत पसरले तर बहुधा घोडा ओढताना बोट बाजूला जातंय.

लक्ष्य १० मीटरवर, ३५ मिलिमीटरच्या पाच लोखंडी चकत्या, उभं राहून, असा प्रकार पळणं आणि नेमबाजी एकत्र असलेल्या स्पर्धांत रूढ आहे. पहिला छरा मारायला नकाशावाल्याला पाठवा. बाकीचे दोघे तेवढ्यात श्वास सावरतात, आणि आपले पाच झाले की तो रेषेमागे येऊन पुढचा टप्पा आखायला बसतो. तिसऱ्याचा शेवटचा छरा सुटेपर्यंत दिशा लावून तयार असली पाहिजे.

नळी मोडून भरायच्या बंदुकीत छरा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. घोडा चुकून सुटला तर नळी झपकन मिटते आणि बोट चिरडतं. छरा सपाट तोंडाचा घ्या, त्याची मागची कड चेपलेली असेल तर तो फेकून द्या. अंगठ्याने तो नळीच्या तोंडाशी सपाट बसेपर्यंत दाबा. बाहेर डोकावणारा छरा नळी मिटताना वाकतो आणि मग कुठेही जातो.

पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा, शरीराची डावी बाजू जवळजवळ लक्ष्याकडे. डावं कोपर बरगडीला किंवा कमरेच्या हाडाला टेकवा. बंदूक तळहातावर नुसती ठेवा, आवळू नका. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका छरा नळीतून बाहेर पडायच्या आधीच सुरू होतो, आणि दर वेळी वेगळ्या जोराने आवळली तर दर वेळी छरा वेगळीकडे जातो. दोन-तीन खोल श्वास, मग अर्धा श्वास सोडून थांबा, माशी चकतीवर आणा आणि घोडा सावकाश दाबा. सहा-आठ सेकंदांत सुटला नाही तर बंदूक खाली घ्या आणि पुन्हा श्वास घ्या. ताणून धरलेला नेम डळमळायला लागतो, डोळ्यालाही धूसर दिसतं. चकत्या नेहमी डावीकडून उजवीकडे पाडा. पुढची कुठली, हा विचार करण्यात डोकं घालवू नका.

ठाण्यावरची बंदूक तुमची नसते, तिची दृष्टी, म्हणजे नेम धरायची खाच आणि माशी, दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला लावलेली असते. पहिला छरा मधोमध मारून तो कुठे लागला ते बघा. दोन बोटं डावीकडे गेला तर पुढचे दोन बोटं उजवीकडे धरा. शर्यतीत स्क्रू फिरवायच्या भानगडीत पडू नका. घरच्या सरावात मात्र दृष्टी लावायला शिका: मागची दृष्टी ज्या दिशेला सरकवाल, त्याच दिशेला छरा सरकतो. सराव घरामागे विटांची भिंत आणि पुढे चिंध्यांनी भरलेलं खोकं ठेवूनच करा. बाजूने माणूस किंवा गुरं येऊ शकतील अशी जागा नको.

सुरक्षेत तडजोड नाही. बंदूक भरलेली आहे असंच समजायचं, नळी कायम लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट घोड्याबाहेर. लोखंडावर आदळलेला छरा मागे उडतो, म्हणून मारणाऱ्यासह रेषेजवळच्या सगळ्यांना चष्मा हवाच. पंचाने "स्टॉप" म्हटलं की आहे तिथे थांबून बंदूक खाली. छरे शिशाचे असतात. ते हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

रानात उतरताना

परवानगीचं काम आयोजकांचं असलं, तरी सरावाला जाताना ते तुमचं असतं. भीमगड अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. लष्कराच्या आणि छावणीच्या हद्दीत तर नाहीच. चंदगडच्या बाजूला मार्ग आखला तर राज्याची हद्द ओलांडली जाते आणि महाराष्ट्राच्या वन खात्यालाही विचारावं लागतं. खासगी माळावर मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. नाही म्हणणारे थोडेच असतात. बंदूक नेणार असाल तर ते स्पष्ट सांगा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिमेला धुक्यात दहा मीटरवरचं दिसत नाही, ओढे भरलेले आणि जळवा अंगावर. हिवाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घाला: करवंदीच्या जाळ्या आहेत, आणि खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगांखालून गेलात तर उरलेली शर्यत खाजवण्यात जाईल. कूस लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टीने उचलून काढा. सड्यावर फुरसं असतं, दगड उचलताना आणि बसताना बघून बसा. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, अवयव हलवायचा नाही आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचं. गवा दिसला तर थांबा, त्याला वाट द्या, वळसा घ्या. तेवढ्या दोन मिनिटांची भरपाई कंट्रोलवर शोधू नका.

माणशी दोन लिटर पाणी, शेंगदाणे-गूळ, मीठ-साखरेची दोन पाकिटं, शिट्टी, क्रेप पट्टी, नकाशाला प्लास्टिकची पिशवी, तांबडी पेन्सिल. मोबाइल बंद करून संघात एकच, सीलबंद. कणकुंबीकडे नेटवर्क नसतंच, म्हणून शिट्टीची खूण तिघांना पाठ हवी: मदतीसाठी मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर तीन फुंकांचं.

शर्यत संपल्यावर पाणी प्यायलं की लगेच, आठवण ताजी असताना, नकाशावर खरा गेलेला मार्ग तांबड्या पेन्सिलीने काढा. प्रत्येक कंट्रोलची वेळ शेजारी लिहा. ठाण्यावर कुणाचे किती लागले आणि ते उभे पसरले की आडवे, तेही लिहा. तिघांनी स्वतंत्र नकाशांवर काढा आणि मगच एकत्र ठेवून बघा. जिथे तिघांच्या तांबड्या रेषा वेगळ्या दिसतील, त्या टप्प्यावर पुढच्या रविवारी नकाशा घेऊन परत जा.